कवच दोन, कवच एकोणीस

१

ड्रॅगनच्या ओळीवर आलो तेव्हा डॉक्टरांनी हात पुढे करून पान झाकलं.

"थांब," ते म्हणाले. "हे मास्तरनं लिहिलेलं नाही."

रविवार होता, दुपारचे चार वाजले होते. मास्तरांच्या घरातल्या मागच्या खोलीत आम्ही चौघं टेबलाभोवती बसलो होतो आणि पाचवी खुर्ची रिकामी होती. सव्वीस वर्षं दर रविवारी याच खोलीत आम्ही एक खेळ खेळत आलो होतो. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली पात्रं व्हायचं, आणि वार लागला की हुकला हे वीस बाजूंचा फासा आणि नियमांचं पुस्तक यांनी ठरवायचं. गोष्ट सांगणारा तो मास्तर. म्हणून त्यांना सगळे मास्तर म्हणत. शिकवलं त्यांनी कधीच नव्हतं. जन्मभर एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती.

चार महिन्यांपूर्वी त्यांचं हृदय बंद पडलं आणि अकरा वर्षं चाललेली आमची मोहीम मध्येच राहिली. जायच्या आधीच्या रविवारी ते म्हणाले होते की शेवट रजिस्टरमध्ये लिहीन, आणि पुढची मोहीम कुठल्या आवृत्तीत खेळायची तेही शेवटच्या पानावर लिहून ठेवीन, म्हणजे तुमची कटकट मिटेल.

ही कटकट काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. या खेळाच्या नियमांच्या आजवर पाच आवृत्त्या निघाल्या. डॉक्टरांना पहिली हवी. ते दातांचे डॉक्टर, आमच्यात वयानं मोठे, आणि पहिल्या आवृत्तीचं ते पातळ पुस्तक त्यांना तोंडपाठ. मोजणीदाराला तिसरी हवी. तो जमिनीची मोजणी करतो, आणि तिसरीत तक्त्यांना तोटा नाही. मास्तरांची मुलगी ठमी, एकतीस वर्षांची, लहानपणापासून टेबलाशी बसणारी, तिला पाचवी हवी. मला दुसरी आवडते. दुसरी दुसऱ्या कुणालाच आवडत नाही, आणि मला बहुधा त्याचसाठी आवडते. चौथीचं नाव आमच्यात कुणी काढत नाही.

मी विम्याचे दावे तपासतो. अठ्ठावीस वर्षं झाली. जळलेली गोदामं, हरवलेले दागिने, कमरेत वाकून येणारे आणि कोपऱ्यावर वळताच ताठ चालणारे लोक. त्या खोलीत मला कुणाचा संशय घ्यावा लागत नसे, एवढ्यासाठीच मी तिथे जात होतो.

डॉक्टरांनी रजिस्टर आपल्याकडे ओढलं, पानं मागे घेतली आणि शिवणीत बोट घालून म्हणाले, "हे बघा. इथलं एक पान कापलंय. ब्लेडनं."

२

मास्तरांचा हात कापत असे, म्हणून ते टंकयंत्रावर दोन बोटांनी टाइप करत आणि कागद रजिस्टरच्या पानांवर डिंकानं चिकटवत. हे कागदही त्याच यंत्रावरचे होते. यंत्र त्याच खोलीत खिडकीखाली ठेवलेलं होतं, आणि चार महिन्यांत आम्ही सगळेच या ना त्या निमित्तानं तिथे एकटे बसून आलो होतो.

खोट कुठे होती ते डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं. प्रत्येक प्राण्याला कवचाचा एक आकडा असतो. त्याला वार लागणं किती अवघड, ते त्या आकड्यावरून कळतं. पहिल्या दोन आवृत्त्यांत आकडा जितका लहान तितकं कवच घट्ट, आणि दहाच्या वर आकडाच नाही. तिसरीपासून हे उलटं झालं. आकडा मोठा तर कवच घट्ट. मास्तरांनी आमची मोहीम पहिल्या आवृत्तीत चालवली होती. आणि इथे लिहिलं होतं, "राखेचा ड्रॅगन. कवच एकोणीस. त्याला आजवर कुणी ओरखडासुद्धा काढू शकलेलं नाही."

"मास्तर मेला तरी एकोणीस लिहिणार नाही," डॉक्टर म्हणाले, आणि काय बोललो ते लक्षात येताच घाईनं पुढची पानं उलटू लागले.

आम्ही शेवटचं पान उघडलं. तिथे होतं, "पुढची मोहीम आळीपाळीनं. एका रविवारी पहिली आवृत्ती, पुढच्या रविवारी दुसरी, मग तिसरी, मग पाचवी. कुणी रुसायचं नाही. कुणी यायचं बंद करायचं नाही."

मोजणीदार म्हणाला, म्हणजे खरं पान ज्याला सोयीचं नव्हतं त्यानं ते कापलं. डॉक्टर म्हणाले, मोठ्या आकड्याची सवय कुणाला आहे ते उघड आहे. त्यांनी नाव घेतलं नाही, पण नजर ठमीकडे गेली. मोजणीदारालाही मोठ्या आकड्याचीच सवय, पण त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही, आणि त्यानंही ते आपणहून काढलं नाही.

तेवढ्यात वहिनी, मास्तरांच्या पत्नी, चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या. त्यांनी विचारलं, काय झालं, सगळे असे का बसलात. मोजणीदार म्हणाला, काही नाही, आवृत्तीवरून. त्यांनी मान हलवली, ट्रे ठेवला आणि आत गेल्या. सव्वीस वर्षं त्या अशाच ट्रे ठेवून आत जात होत्या.

ठमी उठली. तिचा आवाज चढला नव्हता, पण ती पर्समध्ये किल्ल्या शोधत होती आणि त्या हातातच होत्या.

"काका," ती मला म्हणाली, "तुमचं कामच हे आहे ना? मग शोधा. तोवर मी रविवारी या घरात येणार नाही. आणि डॉक्टरकाका इथे असतील तर नंतरही नाही."

३

डॉक्टरांना मी सोमवारी त्यांच्या दवाखान्यात गाठलं. दोन पेशंटांच्या मधे पंधरा मिनिटं होती. त्यांनी मला त्याच खुर्चीत बसवलं, दुसरी खुर्ची नव्हती म्हणून, आणि डोक्यावरचा दिवा चालूच होता.

त्यांच्याविरुद्ध बोलता येण्याजोगं बरंच होतं. मास्तर गेल्यावर ते तीनदा त्या खोलीत बसून आले होते, एकदा तर सबंध दुपार. काय केलंत, विचारलं तर म्हणाले, काही नाही, फासे पुसले. मास्तरांनी शेवटी पाचवी आवृत्ती लिहिली असती तर ते काय करणार होते, हेही विचारलं. त्यांनी हातमोजे काढले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले.

"खेळ सोडला असता," ते म्हणाले. "पण पान कापलं नसतं. मला हरायचं होतं तर मास्तरच्या हातानं हरायचं होतं."

मग ते पहिल्या आवृत्तीबद्दल बोलत राहिले. तीत पात्र एका चुकीत मरतं, मास्तर म्हणेल तो नियम, पुस्तक खिशात मावतं. पुढे निघालेल्या सगळ्या आवृत्त्या म्हणजे भित्र्या माणसांसाठी केलेल्या दुरुस्त्या. मी हे भाषण शंभरदा ऐकलं होतं. तरी निघताना विचारलं, रविवारी ड्रॅगनच्या आधी पुलावरच्या पहारेकऱ्याची ओळ मी वाचली तेव्हा तुम्ही मला का थांबवलं नाही?

"का थांबवायचं? दगडी पहारेकरी, कवच दोन, त्याच्यावर तलवार चालत नाही. बरोबर आहे. पहिल्या आवृत्तीत तसंच आहे, आकडासुद्धा तोच."

मी जिन्यात थांबलो. पहारेकरी आणि ड्रॅगन एकाच पानावर होते, सात ओळींच्या अंतरानं.

४

मोजणीदार एका रुंद होणाऱ्या रस्त्यावर तिपाईवरच्या यंत्राला डोळा लावून उभा होता. धूळ इतकी, की बोलायचं तर तोंडावर रुमाल धरावा लागे. तो माझ्याशी बोलला पण डोळा काढला नाही.

त्यानं आधी स्वतःच सांगितलं की मास्तर गेल्यावर त्यानं नकाशे उतरवून घ्यायला रजिस्टर आठ दिवस घरी नेलं होतं. तेव्हा कापलेलं पान होतं का? त्यानं पाहिलं नाही; त्याला फक्त नकाशांशी मतलब. हे मला खरं वाटलं. तो जेवायला बसला तरी ताटाऐवजी टेबलाची लांबी बघणारा माणूस आहे.

मी त्याला पहारेकऱ्याचं विचारलं. तो पहिल्यांदा यंत्रापासून बाजूला झाला.

"तेच तर. मीच केलं असं डॉक्टर म्हणतील ना, तर त्यांना सांग, कवच दोन म्हणजे माझ्या आवृत्तीत कागदाचा बाहुला. शिंकलं तरी पडेल. मी हातानं असं लिहूच शकत नाही, माझी बोटंच वळणार नाहीत."

मी म्हटलं, मास्तरांची नक्कल करायची म्हणून दोन लिहिलं असेल, आणि मग ड्रॅगनपाशी सवयीनं घसरला असेल.

त्यावर त्यानं थोडा विचार केला. हो, असं होऊ शकतं, तो म्हणाला, पण मग ती चूक त्याला परत वाचताना दिसली असती. याच एका आकड्यावरून आपण सव्वीस वर्षं भांडतोय. आपल्यापैकी कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल.

एवढं बोलून त्यानं पुन्हा डोळा लावला, आणि तसाच म्हणाला, "ठमीला ते आळीपाळीचं मान्य आहे का रे? कुणाला मान्य आहे? दर आठवड्याला सगळी पात्रं नव्यानं मांडायची, सगळे आकडे बदलायचे. अर्धा रविवार त्यातच जायचा. कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

परतीच्या रस्त्यावर मी हेच डोक्यात घोळवत राहिलो. खोटा कागद कुणीतरी फायद्यासाठी करतं. मी पाहिलेल्या प्रत्येक खोट्या दाव्यामागे एक फायदा होता, कितीही बारीक असो. इथे पहिलीवाल्याला पहिली मिळत नव्हती, तिसरीवाल्याला तिसरी नाही, पाचवीवालीला पाचवी नाही. आमच्या चौघांपैकी कुणालाच नको होतं ते कुणीतरी ब्लेडनं पान कापून लिहून ठेवलं होतं.

५

ठमी एका म्हाताऱ्या गृहस्थांचा गुडघा वाकवत होती. ती हाडांच्या दवाखान्यात व्यायाम शिकवते. मी बाकावर बसलो. गृहस्थ कण्हत होते, ती दहापर्यंत मोजत होती, आणि मोजता मोजता मला उत्तरं देत होती, त्यामुळे गृहस्थांना एक-दोन मोजण्या जास्त पडल्या असाव्यात.

तिच्याविरुद्ध सगळ्यात जास्त होतं, हे तिलाही ठाऊक होतं. ती दर आठवड्याला आईकडे जात होती. बाबांना पाचवी आवृत्ती तिनंच वाढदिवसाला दिली होती, आणि त्यांनी ती वाचून कपाटात ठेवली, वापरली नाही. तिला राग आला होता का? आला होता. पाचवीत पात्र सहजी मरत नाही, म्हणून माणूस त्याच्यावर जीव लावू शकतो, असं ती त्यांना सांगायची. बाबा फक्त हसायचे.

मी तिला टाइप केलेल्या अक्षरांबद्दल विचारलं. घरी मी भिंग घेऊन बसलो होतो. मास्तरांच्या जुन्या कागदांवर काही अक्षरं गडद, काही पुसट. दोन बोटांचं काम. नव्या कागदांवर सगळी अक्षरं एकसारखी, ओळीतली जागाही एकसारखी.

ती म्हणाली, तिला त्या यंत्रावर स्वतःचं नावसुद्धा टाइप करता येत नाही, अक्षरं कुठे आहेत तेच सापडत नाही. ती फोनवर बोलून लिहिते. शाळेत असतानाही तिचे निबंध आईच टाइप करून द्यायची.

ती पुढे बोलत होती, डॉक्टरकाकांना हे खरंच वाटलं का, लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून फासे टाकले त्याचं काय. मी मान हलवत होतो, पण मला ऐकू येत नव्हतं. मला एक गोष्ट आठवत होती: कापलेलं पान एकच होतं. अकरा वर्षांच्या मोहिमेचा शेवट मास्तरांनी एका पानात कसा बसवला असता?

६

बुधवारी दुपारी वहिनी दातांसाठी डॉक्टरांकडे गेल्या होत्या. शेजारणीकडून किल्ली घेऊन मी मागच्या खोलीत गेलो. त्या घरात चोरासारखं शिरलो असं वाटलं, पण धंद्यात असं वाटण्याची सवय झालेली आहे.

कपाटात नियमांची दोन पुस्तकं होती, मास्तरांची पहिली आणि ठमीनं दिलेली पाचवी. पहिलीत दगडी पहारेकऱ्याच्या पानावर कागदाची एक खूण होती. पाचवीत राखेच्या ड्रॅगनच्या पानावर दुसरी. मास्तरांच्या पातळ पुस्तकात राखेचा ड्रॅगन नाहीच. दोन्ही खुणा काढून मी टेबलावर शेजारी ठेवल्या. रोज फाडायच्या कॅलेंडरच्या एकाच पानाचे ते दोन तुकडे होते. फाटलेली कड कडेला बसली आणि मधे तारीख पुरी झाली. ती मास्तर जाऊन तीन आठवडे झाले त्या दिवसाची होती. तसं कॅलेंडर घरात एकच आहे, ओट्याच्या वर.

मी खुर्चीत बसलो. अठ्ठावीस वर्षांत अशा क्षणी मला थोडंफार बरं वाटत आलं आहे. या वेळी नुसतं जड वाटलं.

आम्ही चौघांनी आपापल्या आवृत्तीचा इतका हट्ट धरला होता, की आमच्यापैकी कुणाला ही चूक करताच आली नसती. डॉक्टर एकोणीस लिहिणार नाहीत. मोजणीदार आणि ठमी दोन लिहिणार नाहीत, आणि मास्तरांची नक्कल म्हणून लिहिलंच तर सात ओळी खाली उलटं करणार नाहीत. आकडे दोन्ही पुस्तकांतून जसेच्या तसे उतरवले होते, आणि उतरवणाऱ्याला ठाऊकच नव्हतं की ही दोन पुस्तकं एकमेकांच्या उलट बोलतात. आवृत्त्या दर रविवारी बदलता येतील असं वाटणारा माणूसही तोच. ज्याला कुठलीच आवृत्ती प्यारी नाही, जो कधी खेळलाच नाही, ज्याला टाइप करता येतं. आणि ज्याला फायदा एकाच ओळीचा होता: कुणी यायचं बंद करायचं नाही.

दार उघडल्याचा आवाज आला. वहिनी गालावर रुमाल धरून उभ्या होत्या. त्यांनी टेबलावरचे दोन तुकडे पाहिले.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "चहा टाकते. मग बोलू."

७

चहा त्यांना पिता येत नव्हता, दाताला इंजेक्शन दिलं होतं. माझाही तसाच राहिला.

लग्नाआधी तीन वर्षं त्या एका कचेरीत टंकलेखक होत्या. हे मला माहीत होतं, पण सव्वीस वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. मास्तर गेल्यावर पंधरा दिवसांनी त्यांनी रजिस्टर उघडलं, शेवट काय लिहिलाय बघावा म्हणून. शेवट नव्हता. एकच पान होतं.

ते त्यांनी जाळलं नव्हतं. टॉवेलांच्या थप्पीखालून काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवलं. मी वाचलं.

"आज पुन्हा दोन तास तलवारीला कुठल्या आवृत्तीत किती अंक, ह्यावर गेले. डॉक्टरला पहिली हवी, कारण त्याला आपण तिशीत होतो ते दिवस हवेत. मोजणीदाराला तिसरी हवी, कारण तीत त्याला कुणी फसवू शकत नाही. ठमीला पाचवी हवी, कारण तीत कुणी मरत नाही. विमेवाला दुसरी धरून बसतो, म्हणजे त्याला कुणाचीच बाजू घ्यावी लागत नाही. अकरा वर्षांत शेवट काय होणार, हे एकानेही विचारलेलं नाही. मी दमलो. शेवट लिहिणार नाही. नियम त्यांच्याकडे आहेत. नियमांनीच काय तो शेवट करावा."

माझ्याबद्दलची ओळ मी दोनदा वाचली. तपासायला काही नव्हतं. दावा खरा होता.

वहिनी सांगत राहिल्या. हे पान ठमीच्या हाती पडलं असतं तर बापाचं शेवटचं बोलणं म्हणून तेच तिच्याजवळ राहिलं असतं. आणि तुम्ही लोकांनी वाचलं असतं तर पुन्हा आला नसतात. म्हणून दुपारी, रोज थोडं थोडं, नऊ दिवस टाइप केलं. गोष्ट त्यांना सगळी ठाऊक होती. भिंतीपलीकडे बसून सव्वीस वर्षं ऐकलीच होती. फक्त आकडे लागतात हे आठवलं, तेव्हा पुस्तकं काढली.

"तो आकडा मोठा म्हणजे जोर जास्त, असं मला वाटलं. मग दुसऱ्या पुस्तकात लहान आकड्यालाही जोर जास्त. म्हटलं, असेल काही. तुमच्यात काय एकासारखं एक आहे?"

रविवारी ठमीवर आळ आला हे त्यांना कळलंच नव्हतं. त्यांना वाटलं, नेहमीचं भांडण. आज डॉक्टरांच्या खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या असताना डॉक्टरांनीच सांगितलं, आणि तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं.

मी म्हटलं, ठमी निर्दोष आहे एवढंच सांगता येईल, तुमचं नाव न घेता. मी तसा अहवाल देऊ शकतो. असे अहवाल मी दिलेले आहेत.

वहिनींनी रुमाल काढला. अर्धा चेहरा बधिर होता, त्यामुळे शब्द जरा घसरत होते.

"नको. नाव घ्यायचं. पानही वाचायचं. तुम्ही नाही, ठमी वाचेल."

८

पुढच्या रविवारी ठमी आली. आईनं बोलावलं म्हणून आली, डॉक्टरांकडे न बघता बसली. मी क्रमानं सगळं सांगितलं: दोन, एकोणीस, एकसारखी अक्षरं, आळीपाळी, कॅलेंडरचे तुकडे. दोन मिनिटांत संपलं. वहिनी या वेळी ट्रे ठेवून आत गेल्या नव्हत्या, दाराशी उभ्या होत्या.

मग ठमीनं बाबांचं पान मोठ्यानं वाचलं. स्वतःच्या ओळीवर ती थांबली, पाणी प्यायली, आणि पुढे वाचत गेली.

मोजणीदार टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होता.

"माझं बरोबर लिहिलंय," डॉक्टर म्हणाले. मग ठमीकडे वळले. "तुझं नाव मी घेतलं नाही, पण घेतल्यासारखंच होतं. चुकलो मी."

ठमी म्हणाली, "हो, चुकलात." एवढंच. पण तिनं फाशांची वाटी त्यांच्याकडे सरकवली.

आईवर मात्र ती रागावली. माझ्यापासून लपवायचं नव्हतंस, मी लहान आहे का, असं बरंच काही. वहिनींनी ऐकून घेतलं. मग मोजणीदारानं, कधी नव्हे ते आकडा सोडून, विचारलं की त्या पानांत पुढे काय होतं. ड्रॅगननंतर. त्या दिवशी आम्ही तिथेच थांबलो होतो. खोटं म्हटल्यावर कुणी पुढे वाचलंच नव्हतं.

वहिनी म्हणाल्या, पुढे सगळे आपापल्या घरी जातात.

"वाचून नको," ठमी म्हणाली. "बस. खेळव."

वहिनी नाही नाही म्हणाल्या, मला नियम येत नाहीत म्हणाल्या. मग पाचव्या खुर्चीत बसल्या, अगदी कडेवर, आत काहीतरी गॅसवर असल्यासारख्या. आकडे मधे आले की त्या आमच्याकडे बघत आणि आम्ही एकमेकांकडे. ड्रॅगनला पहिली आवृत्ती लावावी की पाचवी, याचा निकाल लागला नाही. ठमी म्हणाली फासा टाका, अर्ध्याच्या वर आला तर लागला, आणि डॉक्टरांनी हरकत घेतली नाही. ते तसं बरोबर नव्हतं. खेळही फारसा रंगला असं मी म्हणणार नाही. वहिनी मधेच विसरत, कुठल्या बाजूनं कोण आलं ते परत विचारत. पण तीन तास गेले, आणि त्या तीन तासांत मी कुणाच्या चेहऱ्याकडे तपासायला म्हणून पाहिलं नाही.

शेवटी एकेकाचं पात्र घरी पोचू लागलं. ठमीचं पोचलं, माझं पोचलं. डॉक्टरांचा म्हातारा शिलेदार, अकरा वर्षं चालून, दोन बोटं गमावून, आपल्या गावच्या वाटेवर आला. वहिनींनी सांगितलं की संध्याकाळ आहे, घर आहे तसंच आहे, अंगणात पानं पडलीत. तुम्ही दार वाजवता. दार कोण उघडतं?

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा दूर असतो, फोन करतो.

"ते तुम्ही लिहिलं असेल ना?" ते म्हणाले.

"नाही," वहिनी म्हणाल्या. "ते मला नाही ठरवता आलं. तुम्ही सांगा."

डॉक्टर फासा बोटांत फिरवत राहिले. टाकला नाही.

"कुणी नाही उघडत," ते म्हणाले. "घरात कुणी नाहीये."

वहिनींनी जरा विचार केला.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग दार लोटा आणि आत जाऊन बसा. बाकीचे येतीलच इतक्यात."